पाखाडीवरून खाली आलेलं आवतण

मी मस्कतला निघाले त्या सकाळी खालच्या मोहल्ल्यात सगळे रडत होते आणि वरच्या मोहल्ल्यात सगळी दारं बंद होती. आमच्या गावातून बाहेर पडायला जीपचा एकच रस्ता, खाडीपासून वर चढत जाणारा, आणि तो वरच्या मोहल्ल्याच्या मधोमध जातो. अंगणांत सोलं वाळत घातलेली, दोऱ्यांवर कपडे, कौलांतून चुलीचा धूर निघतोय, म्हणजे घरात माणसं होती. दारं तेवढी लावलेली. मी काच वर करायला गेले. पुढच्या सीटवर अब्बा बसले होते. ते मागे न वळता म्हणाले, "काच खालीच ऱ्हावं दे, बाय. आपून काय चोरी केली नाय."

म्हणून मी काच खाली ठेवली आणि प्रत्येक दाराकडे नीट बघून घेतलं. निळ्या दारापाशी आलो तेव्हा शेजारी बसलेल्या आईने माझा हात धरला आणि पुढच्या वळणावर सोडला. ते दार तिच्या सख्ख्या भावाचं होतं, माझ्या मामूंचं. वरच्या मोहल्ल्याच्या जमातीचे, म्हणजे मशिदीभोवतीच्या पंचायतीचे, ते सदर, म्हणजे प्रमुख. आजही तेच आहेत.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे बॅगा भरून निघालेल्यांनो, तुम्हाला वाटेल की इतकी वर्षं मस्कतला राहून ही बाई अजून त्या दाराजवळच उभी आहे. आहेच उभी. अल् घुब्राच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एसी लावून उभी आहे, एवढाच फरक.

नव्या मंडळींसाठी भांडण सांगते. गावात मशीद एकच होती, वरच्या मोहल्ल्यात. खालच्या मोहल्ल्यातून तिकडे जायला पाखाडी आहे, जांभ्या दगडाच्या उभ्या पायऱ्या, पावसाळ्यात शेवाळलेल्या. आमच्याकडचे म्हातारे बोटीवर राबून गुडघे गमावलेले. पहाटेच्या नमाजाला जीप मिळत नाही आणि त्यांना चढवेना. अब्बांनी जमातीत उभं राहून विचारलं, खाली एक छोटी मशीद बांधू द्या. तेव्हा मामू जे बोलले ते गावातल्या पोराटोरांनाही पाठ आहे: "ज्याला चढवत नाय त्यानं घरात पढावी." मग अब्बांनी आणि त्यांच्या सोबतच्या खलाशांनी न विचारताच मशीद बांधली आणि आपली जमात वेगळी केली. पुढच्या शुक्रवारी मामूंनी जाहीर केलं की असली कुठली जमात नाही, तिचं नाव या मशिदीत घ्यायचं नाही, आणि त्या लोकांच्या लग्नाला-मयताला जायचं नाही. बंदरावरचे लोकही वेगळं होण्याची भाषा करत होते. आज खालच्यांना मान्यता दिली तर उद्या बंदरवाले उठतील, ही खरी भीती होती.

पहिलं लग्न माझंच निघालं. लग्नाच्या जेवणाला जमातीच्या तांब्याच्या मोठ्या देगी लागतात, कुणाच्या घरी एवढी भांडी नसतात, आणि त्या देगी वर होत्या. आदल्या दिवशी भर दुपारी आई पाखाडी चढून भावाच्या दारात गेली. उंबऱ्यावर त्याच्या चपला होत्या, आतून त्याचा खोकला ऐकू येत होता. मामी दाराच्या फटीतून म्हणाली, ते घरात नाहीत. आई अंगणात उभी राहिली. खोकला थांबला. तरीही ती बराच वेळ उभी राहिली आणि मग पदर डोक्यावर सारखा करून खाली आली. आम्हाला एवढंच म्हणाली, "त्याची तब्येत बरी नाय वाटते."

माझ्या लग्नाची बिर्याणी ट्रॉलरवरच्या खलाशांच्या पातेल्यांत शिजली आणि तिला बांगड्याचा वास आला. सासरची माणसं मुकाट जेवली. नवरा अजून चिडवतो, की जगात फिश-मटण बिर्याणी खाऊन लग्न केलेला मी एकटाच. मी हसते. हसताना माझ्या अंगाचा तिळपापड होतो हे त्याला माहीत आहे, म्हणून तो लगेच विषय बदलतो.

मस्कतने मला माणसात आणलं हे मी मान्य करते. नवरा रुसैलच्या एका फॅक्टरीत स्टोअर सांभाळतो. मुलगी झोया इंडियन स्कूलमध्ये जाते, मैत्रिणींशी इंग्लिश बोलते आणि माझ्याशी बोलताना मराठी शब्द आठवायला छताकडे बघते. आणि मला नोकरी मिळाली रुवीत, एका मोठ्या व्यापाऱ्याच्या ऑफिसात. त्यांना सगळे अर्बाब म्हणतात, म्हणजे मालक. अर्बाब एका छोट्याशा युरोपियन देशाचे मानद वाणिज्यदूत आहेत. मानद म्हणजे पगार नाही, फक्त दारावर पितळी पाटी, टेबलावर बोटभर झेंडा आणि कामं सगळी माझ्याकडे.

देशाचं नाव सांगत नाही, नोकरी टिकवायची आहे. तो मोठ्या देशातून फुटून नुकताच स्वतंत्र झालेला. अनेकांनी मान्यता दिली होती, पण युरोपातलाच दुसरा एक जुना, रुबाबदार देश देईना. त्याचं या छोट्याशी काही वाकडं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या घरातला एक कोपरा वेगळं व्हायचं म्हणत होता, म्हणून तो दुसऱ्याच्या घरातली वाटणी बघायलाच तयार नव्हता. छोट्या देशाच्या राजदूत, आमच्या मॅडम, अधूनमधून दौऱ्यावर यायच्या. त्यांनी पहिल्यांदा हे समजावलं तेव्हा मी फायली खाली ठेवून म्हटलं, "मॅडम, आय नो धिस स्टोरी."

त्या रुबाबदार देशाची मस्कतला एम्बसी आहे. त्यांच्या राष्ट्रीय दिनाच्या पार्टीचं कार्ड दर वर्षी अर्बाबना यायचं, पण नुसतं नावाने, व्यापारी म्हणून. वाणिज्यदूत असा शब्द नाही, देशाचं नाव नाही. अर्बाबना पार्ट्या आवडतात. ते म्हणायचे, यल्ला, कार्ड आलं ना, जाऊ. पण मॅडमनी त्यांना गोड बोलून थांबवलं आणि मला एक गोष्ट शिकवली. भांडायचं नाही, फोन करायचा नाही, तोंड वाकडं करायचं नाही. कार्ड त्याच पाकिटात घालायचं, सोबत आपल्या ऑफिसची सुबक चिठ्ठी जोडायची: हे आमच्या नावाने आलेलं नसल्यामुळे सादर परत. खाली सदिच्छा. बस्स.

ती चिठ्ठी टाइप करताना मला जो आनंद व्हायचा तो ईदच्या शिरखुर्म्यातही नव्हता. असं करता येतं, हे मला माहीतच नव्हतं! आमच्या गावात अपमान झाला की एक तर माणूस ओरडतो किंवा माझ्या आईसारखा पदर सारखा करतो. सदिच्छांसह परत पाठवायची कला कुणाला येत नव्हती.

आई तोवर गेली होती. तिच्या मयताला मामू आले नाहीत. पाखाडीच्या वरच्या वळणावर उभे होते म्हणतात. उभे होते तर उभे असोत, खांदा द्यायला पायऱ्या उतरायच्या होत्या.

मग एके दिवशी ऑफिसात मेल आली की त्या दोन देशांनी राजनैतिक संबंध प्रस्थापित केले. तिकडे कागदांची देवघेव झाली, आणि मस्कतच्या हॉटेलात दोघांनी मिळून रिसेप्शन ठेवलं. दोन्ही झेंडे एका टेबलावर. पाकिटावर पहिल्यांदाच अर्बाबच्या नावाखाली पूर्ण हुद्दा आणि देशाचं पूर्ण नाव. मी ते पाकीट दोनदा नाकाला लावून पाहिलं. पूर्वी मॅडमशी हात मिळवताना ज्या राजदूताचे डोळे झुंबरावर असायचे, त्याने त्या दिवशी फोटोग्राफरसाठी दोनदा हात मिळवला. मी मॅडमना बाजूला घेऊन विचारलं, तुम्हाला राग नाही येत? त्या हसल्या. म्हणाल्या, राज्यांना राग परवडत नाही, शमीम.

मी घरी येताना टॅक्सीत विचार करत होते. बरोबर आहे त्यांचं. पण मी राज्य नाही. मला परवडतो.

त्या रिसेप्शनचा फोटो इथल्या पेपरात आला. पुढे अर्बाब, मागे कोपऱ्यात मी, हिरव्या साडीत. आणि आठवड्याच्या आत माझा फोन वाजला. मुजफ्फर होता, मामूंचा मुलगा. रुस्ताकच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, त्याचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. मस्कतपासून गाडीने काही फार लांब नाही, पण इतक्या वर्षांत त्याला माझा नंबर सापडला नव्हता.

"शमीम आपा, कशी हायस? काय फोटो आलाय तुजा! आपल्या गावाचं नाव काढलंस."

आपल्या गावाचं! मी म्हटलं, बोल.

वरच्या मोहल्ल्याच्या जमातीची मस्कत शाखा आहे, तिचा वार्षिक मेळावा होता. प्रमुख पाहुणे म्हणून अर्बाब हवे होते. अर्बाब आले की रुस्ताकपासून रुवीपर्यंत दुकानदारांत वजन वाढतं, हे मला न सांगताही कळत होतं. आणि अर्बाब कुठे जाणार, कुठे नाही, ती डायरी माझ्या हातात. त्यांचं 'इन्शाल्ला' म्हणजे हो की नाही हे मस्कतमध्ये फक्त मी ओळखते.

मी गोड आवाजात म्हटलं, "येतील की. आधी आम्हाला आवतण येऊ दे."

दोन दिवसांत कार्ड आलं. 'सौ. शमीम व कुटुंबीय.' सोनेरी अक्षरं, वर चंद्रकोर. मी ते त्याच पाकिटात घातलं, चिठ्ठी जोडली आणि रुस्ताकला परत पाठवलं. सदिच्छांसह. झोया बघत होती. म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट अ कार्ड." मी म्हटलं, बेटा, तुझ्या नानीला बिर्याणीसाठी एक भांडं मिळालं नव्हतं. तिने छताकडे बघितलं, पण तिला कुठल्याच भाषेत शब्द सापडला नाही.

दुसरं कार्ड आलं: 'खालच्या मोहल्ल्यातील रहिवासी बंधू-भगिनी.' रहिवासी! जसे काही आम्ही भाडेकरू. तेही परत. मुजफ्फरचा फोन आला, आता आवाजातलं तूप कमी झालेलं. "आपा, तुला पायजे तरी काय?"

मग मी सांगितलं. आमच्या जमातीचं पूर्ण नाव हवं. माझे अब्बा तिचे सदर म्हणून हवेत. आणि छापील कार्ड मला नकोच, आपल्या गावात एक जमात दुसऱ्या जमातीला आवतण कशी देते ते तुला ठाऊक आहे. त्याला ठाऊक होतं. खाडीपलीकडच्या गावांच्या जमातींना आम्ही असंच बोलावतो: बोलावणाऱ्या जमातीचा सदर गाडीत न बसता स्वतः चालत जातो, मशिदीच्या अंगणात उभा राहतो आणि मोठ्याने त्या जमातीचं नाव घेऊन बोलावतो. समोरच्याने "पोचलं" म्हटलं की आवतण पोचलं. नाव मोठ्याने घेतलं नाही तर ती नुसती भेट. म्हणजे ज्या तोंडाने नाव घ्यायचं नाही असं ठरवलं, त्याच तोंडाने ते आमच्या अंगणात येऊन घ्यायचं.

मग मुजफ्फर म्हणाला, "आपा, अब्बांचे गुडगे गेलेत. खुर्चीवर बसून नमाज पढतात. पाखाडी कशी उतरतील?"

इतकी वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होते, हे ते ऐकल्यावर मला कळलं.

"ज्याला उतरवत नाय," मी म्हटलं, "त्यानं घरात बसावं. पाहुणेही घरातच बसतील."

नवरा ऐकत होता. रात्रीच्या जेवणाला तो म्हणाला, "खलास कर ना आता. म्हातारा माणूस आहे." मी म्हटलं, माझी आई काय जवान होती? त्याने भात कालवायला घेतला.

मी अब्बांनाही फोन करून पढवलं. म्हटलं, मामू आले आणि नाव घेतलं तरी लगेच पोचलं म्हणायचं नाही. म्हणायचं, आपलं आवतण ऐकलं, विचार करून योग्य वेळी कळवू. त्या रुबाबदार देशाने छोट्या देशाच्या प्रत्येक पत्राला हेच उत्तर दिलं होतं, अगदी याच शब्दांत, मी स्वतः फायलीला लावलं होतं. मग मामूंना परत पाखाडी चढू दे, उत्तर न घेता. दमत, थांबत, सगळ्या गावासमोर. अब्बा फोनवर नुसतं "हां, हां" करत होते. त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. मधेच त्यांनी विचारलं, "येल काय गो तो? खरंच येल?" त्यांच्या आवाजात इतकी आस होती की मी आणखी चिडले.

शुक्रवार होता, इथे सुट्टी. जुम्म्यानंतर माझ्या चुलतभावाने आमच्या मशिदीच्या अंगणातून व्हिडिओ कॉल लावला. मी अल् घुब्राच्या हॉलमध्ये सोफ्याच्या कडेवर बसले होते, जवळ झोया. पडद्यावर आधी नुसती पाखाडी दिसली. मग मामू दिसले. दोन्ही बाजूंनी दोन माणसं, एक काठी, आणि प्रत्येक पायरीवर आधी एक पाय, मग दुसरा. मधल्या वळणावर ते खाली बसले. कुणीतरी पाणी दिलं. ते पुन्हा उठले. वरच्या मोहल्ल्याची सगळी माणसं वरून बघत होती, खालच्या मोहल्ल्याची खालून. मला वाटलं होतं मी हसेन. मी हसले नाही, पण डोळेही हटवले नाहीत. एकेक पायरी बघून घेतली, जसं एके काळी एकेक दार बघून घेतलं होतं. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटत होतं.

ते अंगणात आले. धाप लागलेली. त्यांनी हात जोडल्यासारखे काठीवर ठेवले आणि आमच्या जमातीचं नाव घेतलं. पूर्ण, मोठ्याने. नाव अर्ध्यावर आलं तेव्हा खोकला लागला. तोच खोकला. मामूंनी तो गिळला आणि पुन्हा सुरुवातीपासून नाव घेतलं, "...या जमातीला वरच्या मोहल्ल्याच्या जमातीचं आवतण हाय."

आता अब्बांनी म्हणायचं होतं, विचार करून कळवू. मी इथे ओठ हलवत होते. पण मामूंचं वाक्य संपायच्या आत अब्बा म्हणाले, "पोचलं, पोचलं," आणि स्वतः आत धावले. माझे अब्बा, या वयात, धावले. मशिदीतली खुर्ची घेऊन बाहेर आले आणि मामूंना धरून तिच्यात बसवलं. लोकांनी काय काय केलं ते मला दिसलं नाही, चुलतभावाचा हात हलत होता, बहुतेक तोही रडत होता.

संध्याकाळी मी अब्बांना फोनवर वाट्टेल ते बोलले. म्हटलं, मी एवढं सगळं घडवून आणलं आणि तुम्ही एका मिनिटात मोडलंत. तुम्हाला आई आठवली नाही? अब्बा म्हणाले, "आठवली म्हून तर खुर्ची आणली. ती उबी व्हती ना गो. आज पन मानूस उबा व्हता, बाय."

मी फोन ठेवला. त्या खुर्चीचा मला अजून राग येतो.

मी शब्द पाळला. अर्बाब मेळाव्याला गेले, त्यांना कोकणी वडे फार आवडले. मुजफ्फरने स्टेजवरून दोन्ही जमातींची नावं घेतली. मी गेले नाही, डोकं दुखतंय असं कळवलं. गावात आता ये-जा सुरू झाली आहे. देगी खाली येतात, वर जातात. अब्बा दर शुक्रवारी निळ्या दाराच्या घरी चहाला जातात आणि मला त्याचं वर्णन सांगतात, बिस्किटांसकट. मागच्या आठवड्यात त्यांनी फोन मामूंच्या हातात दिला. मामू पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अगदी आयशीवानी दिसतंय." माझ्या आईचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. मी कॅमेरा बंद केला. नेटवर्क गेलं असं त्यांना वाटलं असेल. वाटू दे.

झोया विचारते, आता तुझं गाव सगळं एक झालं, मग तू हॅपी का नाहीस? तिला कसं सांगू? संबंध दोन जमातींचे प्रस्थापित झाले. अब्बांनी मान्यता घेतली, मामूंनी दिली, फोटो निघाले. मी त्यात सही केलेली नाही. माझं घर आधी खाडीकाठी होतं, आता सगळे म्हणतात ते अख्खं गाव आहे, वर खाली कुठेही जा. पण मला वरचं दुसरं काही नको. निळ्या दारापुढचं एक अंगण तेवढं माझ्याकडे आहे, आई ज्यात उभी राहिली ते, आणि ते मी कुणाला परत दिलेलं नाही.

पुढच्या सुट्टीत आम्ही गावी जाणार आहोत. रस्ता तोच आहे, दुसरा नाही. जीप वरच्या मोहल्ल्यात शिरेल तेव्हा या वेळी दारं उघडी असतील. माणसं अंगणात येऊन उभी राहतील, हात हलवतील, मामू खुर्चीवर बसलेले असतील. अब्बा पुढच्या सीटवरून म्हणतील, बाय, काच खाली कर.

मी ती वर करणार आहे.